एक जिन्नस वगळून

मी एक ओतीव लोखंडाचा खलबत्ता बोलतोय. जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय की नाही याची खात्री नाही, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोखंडाला बारीक छिद्रं असतात. त्यांत वास मुरतात आणि एकदा मुरले की एकमेकांत मिसळून जातात. कापूर कुठे संपला आणि मिरी कुठे सुरू झाली, हे आता मला सांगता येत नाही. माणसांचंही माझ्यात तसंच झालं आहे. एखादं वाक्य सासूचं होतं की सुनेचं, अशी शंका आली की मी ते मनातल्या मनात पुन्हा कुटून पाहतो. शंका जात नाही, फक्त बारीक होते.

माझा जन्म ओहायो नदीकाठच्या एका भट्टीत झाला आणि पहिली नोकरी केंटकीच्या डोंगरांत, टार्लटन गावातल्या व्हिटेकर औषधवाल्यांकडे लागली. त्यांच्या फळीवरच्या बरण्यांना लॅटिन नावं होती. तेवढं लॅटिन मला अजून येतं, पण ते पुढे कुठे उपयोगी पडलं नाही. व्हिटेकरांची एक सवय होती. माझ्यात जे घालतील त्याचं नाव ते मोठ्याने घ्यायचे, घालताना एकदा आणि कुटून झाल्यावर पुन्हा एकदा. "चुकलं तर माणूस जातो," असं ते म्हणत. त्यांच्या हाताखाली मीही धास्तीखोर झालो. माझ्यात काय पडलं आणि काय नाही, याची उजळणी करत बसायची खोड मला तिथेच लागली.

व्हिटेकर वारले तेव्हा त्यांच्या दुकानातलं सामान अंगणात मांडून विकलं गेलं. लिओटा प्रॅटर नावाच्या बाईने मला उचलून नाकाशी धरलं.

"याच्यात तर अख्खा दवाखाना भरलाय," ती म्हणाली, आणि तरीही मला घेऊन गेली.

तिने मला राखेने घासलं, उकळत्या पाण्यात ठेवलं, मग जाडं मीठ आणि कोरडा मका माझ्यात इतका कुटला, की शेवटी पीठ पांढरंशुभ्र निघालं. तेव्हा कुठे तिने माझ्यात मिरी टाकली.

लिओटाचा नवरा खाणीचं छत कोसळून गेला होता. खाणवाल्यांचं घर सोडून ती मुलाला, हर्शेलला, घेऊन रस्त्यालगतच्या खोल्यांत राहायला आली आणि तिथेच तिने खानावळ घातली. तिच्या तळलेल्या कोंबडीचं नाव हळूहळू तीन-चार दऱ्यांत पसरलं. पाळी संपवून आलेले, कोळशाने काळेठिक्कर झालेले खाणकामगार, टायर विकत फिरणारे, कोर्टातले वकील, सगळे तिथे एकमेकांना कोपर लावून बसायचे. आणि खाण्याइतकाच त्यांचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे कोंबडी घोळवायच्या पिठात काय काय आहे ते ओळखणं.

"दालचिनी," टायरवाला म्हणायचा. "मिस लिओटा, लावता पैज?"

"लावा की."

"म्हणजे आहे?"

"लावा म्हटलं. आहे म्हटलं नाही."

एक वकील डोळे मिटून, निकाल द्यायला बसल्यासारखा चावायचा. "बडीशेप. आणि मागून थोडं जिरं."

"तुमच्या अशिलांचं कसं होत असेल, वकीलसाहेब," असं म्हणत लिओटा त्यांच्या ताटात आणखी एक तंगडी टाकायची.

"चर्चमध्ये तरी खरं बोलता का, मिस लिओटा?"

"चर्चमध्ये मला कोंबडीबद्दल कुणी विचारत नाही."

मी आतल्या ओट्यावर बसून हे ऐकायचो. मला त्यांच्या चुकांची मोठी मौज वाटायची. पण माझं तरी ज्ञान किती होतं? माझ्यात नऊ जिन्नस पडत, तेवढे मला ठाऊक. पुढे कोठीत परातीमध्ये पिठाशी ते मिसळताना लिओटा माझ्याकडे पाठ करायची. तिथे तिने आणखी काही टाकलं असेल तर ते मला कसं कळणार?

टार्लटनच्या बायकांची एक रीत होती. कुणी पाककृती मागितली तर नाही म्हणायचं नाही, तो उद्धटपणा. पण सगळी सांगायचीही नाही, तो बावळटपणा. एक जिन्नस वगळून सांगायची. एकच. दोन वगळले तर ते खोटं बोलणं झालं, आणि खोटं बोलणारीच्या हातचं मग कुणी खात नसे. वगळलंय हे देणारीला माहीत असायचं, घेणारीलाही माहीत असायचं, आणि "एवढंच गं, बाकी काही नाही" हे वाक्य दोघी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या आणि ऐकायच्या. आणखी एक होतं. जिची पाककृती ती जिवंत असेपर्यंत दुसरीपाशी तिचा उच्चार करायचा नाही.

"ओपलच्या मुरंब्याच्या केकमध्ये काय गाळलंय, ते मी अजून शोधतेय," लिओटा एकदा म्हणाली. तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता. ओपल ही शेजारीण, तिची जुनी मैत्रीण. ओपललाही कोंबडीची पाककृती मिळालेली होती, अर्थातच रीतीप्रमाणे.

हर्शेलने लग्न करून नेव्हाला आणलं. ती खालच्या दरीतली, आईबाप नसलेली, मामाच्या घरी वाढलेली. ताटात काय पडलं यापेक्षा काय पडलं नाही, हे आधी पाहायची तिला सवय होती. कामाला वाघीण होती. लिओटाला ती आवडली होती असं मला वाटतं. पण लिओटाला कुणी आवडलं की ती त्याला जास्त काम सांगायची, आणि मामाच्या घरी तर नावडतीला जास्त काम सांगत.

लग्नानंतर लगेचच, खानावळ बंद असण्याच्या एका दिवशी, लिओटाने कोठीचं दार आतून लावून घेतलं. आत ती, नेव्हा आणि मी.

"मी सांगते, तू कूट. काळी मिरी. आता पांढरी. हा मरवा आपल्या दारचा, विकतचा आणायचा नाही. जायपत्री जरा जपून, ती डोक्यावर बसते. सुंठ आधी हातोडीने फोडून घ्यायची, नाहीतर उडून डोळ्यात जाते. मोहरी..." असं करत करत नऊ झाले. "मग मीठ, मग पीठ. झालं."

"एवढंच?" नेव्हाने विचारलं.

"एवढंच, पोरी."

आणि लिओटा हसली.

त्या हसण्यावर मी फार विचार केला आहे. ओपलला सांगताना ती असंच हसली होती, की यात काही वेगळं होतं? तेव्हा वेगळं वाटलं होतं. पण मला वाटतं याला काय किंमत? नेव्हाने ते हसू पाहिलं, आणि तिला जे दिसायचं तेच दिसलं.

संध्याकाळी हर्शेल बुटाचे बंद सोडत बसला होता.

"तुझ्या आईने मला एक वगळून सांगितलं," नेव्हा म्हणाली.

"ती सगळ्यांनाच वगळून सांगते."

"मी सगळ्यांतली आहे का?"

"अगं, कोंबडीच आहे ना ती," हर्शेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझ्यात मिरी कुटताना नेव्हाने बत्ता असा आपटला, की माझ्या काठाचा टवका उडाला. तो टवका अजून तसाच आहे.

पुढे हर्शेलला डेटनच्या कारखान्यात काम मिळालं. तो महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जाई. घरात सासू आणि सून दोघीच राहिल्या. दोघी एकमेकींशी नीट वागत होत्या. "आई, तुम्ही बसा, मी करते." "तू कर गं, तुझा हात चांगलाय." असंच सगळं चाललं असतं तर कदाचित तो एक जिन्नस आपोआप बारीक होत होत दिसेनासा झाला असता.

पण एका थंडीत, दोरीवर चादरी वाळत घालताना लिओटा खाली कोसळली. अर्धांगवायू. उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. तिच्या तोंडून नुसता एक लांब, जड आवाज यायचा. मान तेवढी हलायची, होकाराची आणि नकाराची.

नेव्हाने तिची खुर्ची स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला ठेवली. रोज तिला पुसायची, भरवायची, केस विंचरायची. आणि खानावळही बंद पडू दिली नाही. तेच नऊ जिन्नस, तोच मी, तीच परात.

पहिल्या आठवड्यातच टायरवाला हाड बाजूला ठेवत म्हणाला, "चांगलं आहे. पण मिस लिओटाचं नाही."

"तेच आहे," नेव्हा म्हणाली.

"नाही हो. काहीतरी कमी आहे."

मग सगळेच तसं म्हणू लागले. वकील म्हणाले, कामगार म्हणाले, काहींनी खायच्या आधीच म्हटलं. खरंच काही कमी होतं का? कोंबड्या देणारा कोय त्या वर्षापासून गावच्या कोंबड्या सोडून बर्फात घातलेल्या कारखान्याच्या कोंबड्या आणत होता. लिओटा अंगठ्याने कोंबडीची छाती दाबून पाहायची आणि शिळी असेल ती परत पाठवायची. नेव्हाला ते दाबणं माहीत नव्हतं. शिवाय ताट येतं त्या खिडकीतून खुर्चीतली वाकडी लिओटा दिसायची, आणि तिला पाहून माणसाचा घास कसा गोड लागेल? पण मी खलबत्ता. माझ्यात कोंबडी पडत नाही. त्यामुळे याबद्दल मी ठामपणे काही बोलू नये.

नेव्हाच्या मनात मात्र काडीचीही शंका नव्हती. तो वगळलेला जिन्नस. सासूने तो दिला असता तर ती या घरची; नाही दिला, म्हणून ती ओपलसारखीच एक शेजारीण.

एका दुपारी तिने मसाल्यांचे डबे ओळीने मांडले आणि लिओटासमोर स्टूल घेऊन बसली. तिने एक डबा उघडून लिओटाच्या नाकाशी धरला.

"जायफळ?"

लिओटाने मान हलवली. नाही.

"धने?"

नाही.

"शहाजिरं? बरं. तमालपत्र? हेही नाही. आई, माझ्याकडे बघा. मी कुणाला सांगणार आहे का? मला मेलीला सांगायला आहे तरी कोण?"

लिओटा तिच्याकडे बघत होती. डाव्या हाताने तिने नेव्हाचं मनगट धरलं आणि पुन्हा मान हलवली.

हे रोज दुपारी चालू लागलं. टार्लटनमधले डबे संपले तसे लेक्सिंग्टनहून मागवले. वेलदोडा, शेपूचं बी, चक्रीफूल. लिओटा प्रत्येकाला नाही म्हणत गेली. आधी सावकाश, मग जोरजोरात, मग डोळे मिटून.

सुट्टीवर आलेला हर्शेल म्हणाला, "सोड ना तिला. तिला काही कळत नाही आता."

"कळत नाही कसं? आंबट दूध पुढे केलं तर तोंड फिरवतात. सगळं कळतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कळतं म्हणूनच सांगत नाहीत."

ओपल समाचाराला आली तेव्हा नेव्हाने तिला चुलीपाशी गाठलं.

"ओपलमावशी, तुम्हाला यांनी काय काय सांगितलंय ते मला सांगा. मी माझं सांगते. ताडून बघू."

ओपलने खुर्चीकडे पाहिलं. "ती समोर बसलीये, नेव्हा."

"त्यांना बोलता येत नाही."

"म्हणून तर. बोलता येत असतं तर एक वेळ तिला विचारून सांगितलं असतं. आता तिच्या देखत मी कसं सांगू? ती गेल्यावर विचार."

"मला आता हवंय."

"अगं, तिला दमवू नकोस. आणि मला काय गाळून सांगितलंय ते मला कळलं असतं, तर ते गाळलेलं राहिलं असतं का?" ओपल हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. नेव्हा हसली नाही. त्यानंतर ओपलचं येणं कमी झालं.

एका शनिवारी नेव्हाने शेवटचा डबा काढला. त्यात लवंग होती. खरं तर ती रोजच घरात असायची, म्हणूनच बहुतेक ती राहून गेली होती.

"लवंग?" तिने विचारलं. तिचा आवाज पार थकला होता.

लिओटाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

का हलवली, मला ठाऊक नाही. थकली असेल. तो डबा आणि ते स्टूल एकदाचं समोरून जावं असं तिला वाटलं असेल. किंवा समोरच्या पोरीला काहीतरी द्यावं असं वाटलं असेल, आणि हाताशी दुसरं काहीच नसेल.

नेव्हा रडली. तिने लिओटाच्या कपाळावर ओठ टेकले. "लवंग," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "घरातच होती हो आई, लवंग." तिने ती माझ्यात कुटली. मला बरं वाटलं नाही. लवंग लोखंडालासुद्धा बधिर करते. पण मी मनात म्हटलं, लिओटा परातीत लवंग टाकत असेल, आपण कधी पाहिलंय?

रविवारी चर्च सुटल्यावर खानावळ भरली. नेव्हाने स्वतः ताटं नेली. पहिला घास घेतल्यावर टायरवाला बरणीतलं लोणचं पुढे ओढत म्हणाला, "अननसाच्या चकत्या कुठे आहेत? लवंगा टोचून, अननस लावून भाजतात ते नाताळचं हॅम दिसतंय हे."

लोक हसले. वाईट मनाने हसले असं मला वाटत नाही. पण वकीलसाहेबांनी रुमालाने तोंड झाकलं तेही नेव्हाने पाहिलं.

ती आत आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

"मजा आली?" तिने विचारलं. "बोलता येत नाही, हात उचलत नाही, तरी माझी एवढी फजिती करता आली. झालं समाधान?"

लिओटाने मान हलवली. नाही, नाही, नाही. नेव्हाने खुर्चीची पाठ धरली आणि ती ओढत मागच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या खोलीची खिडकी कोळशाच्या कोठारावर उघडते.

त्यानंतरही तिने लिओटाला वेळच्या वेळी भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. अंगावर एक व्रण पडू दिला नाही. पण तिच्याशी बोलली नाही. मी ऐकत होतो. हिवाळा संपेपर्यंत त्या खोलीत एक शब्द गेला नाही. सकाळी माझ्यात बत्ता पडू लागला की मागून तो लांब, जड आवाज यायचा. लिओटाला काय म्हणायचं होतं? तो आवाज आला की नेव्हा आणखी जोराने कुटायची.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा लिओटा गेली. दफनाच्या दिवशी नेव्हाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, हे गावाने लक्षात ठेवलं. ओपल काहीतरी बोलायला तिच्याजवळ आली, तर ती पाठ फिरवून गाडीत जाऊन बसली. आणि ताडून पाहायचं तेही राहून गेलं. खानावळीच्या दाराला फळ्या ठोकून हर्शेल तिला डेटनला घेऊन गेला. त्यांच्याबरोबर भांडी गेली, परात गेली. मला नेव्हाने चर्चला देऊन टाकलं.

तेव्हापासून मी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात आहे. बत्ता कुणीतरी नेला. मी दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकवलेला असतो. बायका ये-जा करताना पायाने मला सरकवतात. माझी तक्रार नाही. तुम्हाला एकच विनवतो, आणि तेही भीत भीत, कारण उपदेश करण्याइतकं मला काही कळत नाही. तुमच्या घरात कुणी न बोलता येणारं माणूस असेल, तर त्याच्यासमोर डबा धरण्याआधी काही न विचारता थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

एवढं बोलून थांबणार होतो. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला खूप वर्षांनी कळली.

नेव्हाला डेटनहून पुरायला टार्लटनला आणलं. तिचं दुखणं काय होतं ते मला नीट समजलं नाही. ती वर शवपेटीत होती, आणि खाली बायका दफनानंतरच्या जेवणाची कोंबडी तळत होत्या. त्यांच्यात ओपल होती, आता काठी टेकणारी. तिची धाकटी बहीण डेल्फिया. आणि पोस्टात काम केलेली एक बाई.

"आता दोघीही गेल्या," ओपल म्हणाली. "आता बोलायला हरकत नाही. लिओटाने मला आठ सांगितले होते." आणि तिने बोटांवर मोजत ते म्हणून दाखवले.

"मलाही हेच," डेल्फिया म्हणाली.

"आणि मलाही," पोस्टातली म्हणाली. "बाई पक्की होती. सगळ्यांना एकच वगळून सांगत होती. काय असेल गं?"

"सुनेला तरी पुरतं सांगितलं असेल का?"

"छे. सुनेला कोण सांगतंय?"

वर गाणं सुरू झालं, तशा त्या हात पुसत निघाल्या. शेवटी निघालेल्या बाईने मला पायाने बाजूला केलं आणि दार मिटलं. मी व्हिटेकरांच्या सवयीप्रमाणे ते आठही जिन्नस एकदा मनात म्हटले, आणि पुन्हा एकदा म्हटले.

त्यांत सुंठ नव्हती. नेव्हा ती पहिल्या दिवसापासून माझ्यात कुटत होती.